निजामाचा हिरा, लंडनचे दुकान

इ. स. १७६० म्हटले की उदगीरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते. ३ फेब्रुवारीला सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला उदगीर-औशाच्या टापूत गाठले, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आपले काम चोख केले आणि सलाबतजंग व त्याचा धाकटा भाऊ निजामअली यांना दौलताबाद, अहमदनगर, विजापूर, बऱ्हाणपूर धरून साठ लाखांचा मुलूख तोडून द्यावा लागला. वर्षाच्या आत पानिपत झाले, त्यामुळे ही लढाई शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपते. आम्हा उदगीरकरांना त्याचा थोडा राग आहे, पण तो असो. त्याच १७६० च्या ऑक्टोबरात तिकडे लंडनला दुसरा जॉर्ज वारला आणि त्याचा बावीस वर्षांचा नातू तिसरा जॉर्ज म्हणून गादीवर बसला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो पुढे सव्वीस वर्षांनी जुळला. उदगीरला हरलेल्या दोघा भावांपैकी धाकटा आता हैदराबादचा निजाम होता. त्याने पाठवलेला एक मोठा हिरा या जॉर्जच्या हाती पडला, आणि त्यावरून लंडनच्या चित्रांच्या दुकानांनी आपल्या राजाची अशी टर उडवली की ती चित्रे आज सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरही पाहवत नाहीत आणि पाहिल्याशिवाय राहवतही नाहीत.

हे पुस्तक त्या दुकानांविषयी आहे. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश राजकारणावरची हास्यचित्रे, त्यातही हिंदुस्थानाशी लागेबांधे असलेली, मराठी वाचकासमोर ठेवावीत आणि त्यांत काय चालले आहे ते सांगावे, एवढाच त्याचा हेतू. ‘उदगीरला बसून लंडनची चित्रे कशाला?’ असे मला अनेकांनी विचारले. निजामाच्या हिऱ्याची गोष्ट सांगितली की निम्मे लोक गप्प बसतात. उरलेल्या निम्म्यांसाठी ही प्रस्तावना.

ही चित्रे म्हणजे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली रोजची चौकट नव्हे. प्रत्येक चित्र म्हणजे एक सुटा कागद. तांब्याचा गुळगुळीत केलेला पत्रा घ्यायचा, त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने त्या थरात रेघा ओढायच्या आणि वर तेजाब सोडायचे. जिथे मेण खरवडले गेले तिथे तेजाब तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून ओला कागद रुळाखाली दाबला की चित्र उतरते, पण उलटे. म्हणजे चित्रातली अक्षरेही पत्र्यावर उलटी कोरावी लागत, आणि या चित्रांत अक्षरांचा नुसता सुकाळ असतो. काळ्या शाईची साधी प्रत सहा पेन्सला मिळे, हाताने रंगवलेली एक-दोन शिलिंगांना. लंडनमधल्या मजुराची दिवसाची कमाई तेव्हा दोन शिलिंगांच्या आसपास होती, म्हणजे घेणारा गरीब नव्हे. पण पाहणाऱ्याला पैसे पडत नसत. दुकानदार नवी चित्रे काचेच्या खिडकीत लावत आणि त्या खिडकीसमोर उमराव, नोकर, बग्गीवाले, खिसेकापू सगळे एकाच दाटीत उभे राहून हसत. पिकॅडिलीतला फोर्स नावाचा दुकानदार तर चित्रांची बाडे एका संध्याकाळपुरती भाड्यानेही देई. पाहुणे जमले, जेवणे झाली की मंत्रिमंडळ हातोहात फिरवायचे.

यामागे कायद्याचा मोठा हात आहे. छापण्यापूर्वी परवाना घेण्याचा इंग्लंडातला कायदा १६९५ मध्ये मुदत संपून गेला आणि पुन्हा आला नाही. छापल्यानंतर खटला होऊ शकत होता, पण चित्रावर खटला भरायचा तर भर कोर्टात सरकारी वकिलाला ज्युरीपुढे समजावून सांगावे लागे की या चित्रातला हा गाढवासारखा दिसणारा गृहस्थ म्हणजे आमचे पंतप्रधानच. ते कोण सांगणार? दुसरा कायदा १७३५ चा. विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या खटपटीने तो झाला आणि त्याने खोदचित्राचा हक्क चौदा वर्षे चित्रकाराकडे ठेवला. चोरट्या प्रती कमी झाल्या आणि चित्रकाराला स्वतःच्या रेषेवर पोट भरता येऊ लागले. होगार्थने १७६३ मध्ये जॉन विल्क्स या बंडखोर खासदाराचे तिरळे, कपटी हसणारे चित्र काढले आणि त्याच्या काही आठवड्यांत हजारो प्रती खपल्या. गंमत अशी की ते विल्क्सची बदनामी करण्यासाठी काढलेले, पण विल्क्सच्या चाहत्यांनीही ते विकत घेतले.

तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीत हा धंदा भरभराटीला आला. त्यातले मोठे नाव जेम्स गिलरे. जन्म १७५६ चा, म्हणजे उदगीरच्या लढाईच्या वेळी तो चार वर्षांचाही नव्हता. हॅना हम्फ्री या बाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो राहत असे आणि खाली तिच्या खिडकीत त्याची चित्रे लागत. त्याचा समकालीन टॉमस रोलंडसन हा रेषेचा मोठा लाडका माणूस, गोलाईत रमणारा. त्यांच्यापेक्षा आधी नाव झालेला जेम्स सेयर्स. हा चित्रकार म्हणून बेताचाच, पण नेम अचूक. डोरोथी जॉर्ज या विदुषीने ब्रिटिश म्युझियममधल्या अशा चित्रांच्या सूचीचे सात खंड १९३५ ते १९५४ या काळात तयार केले. एकेका चित्रातली प्रत्येक व्यक्ती, प्रत्येक फुगा, प्रत्येक कुत्रे ओळखून. ज्या चिकाटीने इतिहासाचार्य राजवाड्यांनी दप्तरे धुंडाळली तीच ही चिकाटी, फक्त कागदपत्रांऐवजी चेष्टेवर खर्चलेली. तिच्यावाचून माझ्यासारख्याला या चित्रांतले निम्मेही कळले नसते.

हिंदुस्थान या चित्रांत शिरतो तो १७८० नंतर, आणि त्याला मराठ्यांचा हातभार आहे. रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसवण्याचा मुंबईकर इंग्रजांचा खटाटोप जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांच्याच अंगाशी आला. ती लढाई पुढे चालू राहिली, खर्च वाढत गेला आणि अखेर लंडनच्या संसदेने चौकशी समित्या नेमल्या. मे १७८२ मध्ये कॉमन्स सभेने ठराव करून गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांना परत बोलवावे असे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना सुचवले. हॉर्नबी म्हणजे ज्याचे नाव वरळीच्या हॉर्नबी व्हेलार्डला आणि फोर्टातल्या हॉर्नबी रोडला होते, तोच. मुंबईकरांना तो समुद्र अडवणारा म्हणून माहीत आहे. मराठ्यांशी लढाई उकरून काढणारा म्हणून तो लंडनच्या ठरावात आहे. भागधारकांनी हेस्टिंग्जला सोडले नाही हा भाग निराळा. पण कंपनीचा कारभार आता तिथल्या घरगुती भांडणाचा विषय झाला.

नोव्हेंबर १७८३ मध्ये चार्ल्स जेम्स फॉक्सने कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या मंडळाकडे सोपवण्याचे विधेयक आणले. ५ डिसेंबरला सेयर्सचे चित्र दुकानात लागले. पगडी घातलेला दाढीवाला फॉक्स ‘कार्लो खान’ होऊन हत्तीवरून लेडनहॉल स्ट्रीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या दारात, मिरवत येतो आहे. हत्तीचे तोंड मात्र लॉर्ड नॉर्थचे. हा नॉर्थ कालपर्यंत फॉक्सचा कट्टर शत्रू आणि आज मंत्रिमंडळातला जोडीदार. पुढे एडमंड बर्क तुतारी फुंकत चालला आहे, तुतारीला बंगालचा नकाशा लटकतो आहे. निशाणावर आधी ‘जनतेचा माणूस’ असे लिहिलेले होते, ते खोडून ग्रीक अक्षरांत ‘राजाधिराज’ केले आहे. पंधरवड्याच्या आत उमरावांच्या सभेने विधेयक फेटाळले, राजाने मंत्रिमंडळ काढून टाकले आणि चोवीस वर्षांचा धाकटा पिट पंतप्रधान झाला. संसदेतल्या सगळ्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी माझे जास्त वाटोळे केले असे फॉक्स म्हणाल्याचे सांगतात. पिट सेयर्सला सरकारी नेमणूक देऊन उतराई झाला. विनोदी चित्रकाराला इतक्या लगोलग पावती मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता तो हिरा.

हेस्टिंग्ज १७८५ मध्ये मायदेशी परतला आणि एप्रिल १७८६ मध्ये बर्कने त्याच्यावर आरोपपत्र ठेवायला सुरुवात केली: रोहिल्यांवरची स्वारी, बनारसच्या चेतसिंगाची पिळवणूक, अवधच्या बेगमांची लूट. जूनच्या सुरुवातीला रोहिल्यांचा आरोप सभेने फेटाळला. १३ जूनला चेतसिंगाचा आरोप मतास आला तेव्हा सर्वांना वाटत होते की पिट हेस्टिंग्जला वाचवणार. पिटने उलट मत दिले आणि आरोप मंजूर झाला. आणि दुसऱ्याच दिवशी, १४ जूनला, राजाच्या दरबारात निजामअलीकडून आलेला मोठा हिरा हेस्टिंग्जच्या मार्फत सादर झाला. निजामाने तो आपल्या पद्धतीप्रमाणे नजराणा म्हणून धाडला होता. एका सत्ताधीशाने दुसऱ्याला काहीतरी पाठवायचे, दुसऱ्याने काहीतरी परत पाठवायचे, दख्खनच्या दरबारात यात काहीच वावगे नव्हते. हिरा समुद्रावरून महिनोन्‌महिने प्रवास करत आला आणि नेमका अशा दिवशी पोचला की ज्या दिवशी त्याचा दुसरा कुठलाही अर्थ लंडनला लागू शकत नव्हता. राजाने लाच खाल्ली, असे सगळे शहर बोलू लागले.

इथे ‘खाल्ली’ हे चित्रकारांनी शब्दशः घेतले. त्या सुमारास लंडनमध्ये दगड खाऊन दाखवणारा एक खेळकरी आला होता आणि त्याच्या जाहिराती भिंतीभिंतींवर लागल्या होत्या. लगेच चित्र आले: तोंडात हिरा धरलेला राजा, आणि सर्वांत मोठा दगड खाणारा तोच, अशी जाहिरात. दुसऱ्या एका चित्रात राजा गुडघे टेकून आ वासून बसला आहे आणि हेस्टिंग्ज त्याच्या तोंडात हिरे फेकतो आहे. टॉमस राइट या जुन्या इतिहासकाराने या प्रकरणाची हकिकत लिहून ठेवली आहे. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाण्यांतही तो हिरा शिरला होता. राजाने कुणालाही अटक केली नाही. करण्यासारखे काही नव्हतेच: हिरा आला होता हे खरे, तो हेस्टिंग्जच्या हातून आला होता हेही खरे. चित्राने फक्त दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या.

मराठवाड्यातल्या वाचकाने हे चित्र जरा थांबून पाहावे असे मला वाटते. निजामअलीच्या मुलखात त्याच्या तोंडाचा असा पोचारा करणारे चित्र कुणी काढणे तर सोडाच, काढण्याची कल्पनाही कुणाच्या मनात आली नसावी. त्याच्या वंशजांच्या राज्यात उदगीर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होते. बिदर जिल्ह्यातला तालुका म्हणून उदगीरने आसफजाही दरबाराचे हुकूम पाहिले, छापील टीका पाहिली नाही. आ. कृ. वाघमाऱ्यांच्या ‘मराठवाडा’ पत्रावर निजाम सरकारने बंदी घातली तेव्हा ते नावे बदलून बदलून निघत राहिले, हा इतिहास इकडच्या जुन्या मंडळींना पाठ आहे. म्हणजे निजामाच्या भेटवस्तूवर लंडनमध्ये १७८६ साली मोकळेपणी हसता आले, आणि निजामाच्या कारभारावर उदगीरमध्ये १९४६ सालीही नाही.

पण एवढ्यावरून लंडनला डोक्यावर घेण्याचे कारण नाही. हेस्टिंग्जचा खटला १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुरू झाला, सात वर्षे रेंगाळला आणि २३ एप्रिल १७९५ रोजी त्याची निर्दोष सुटका झाली. आपल्याकडे खर्ड्याची लढाई त्याच्या दीड महिना आधी झाली होती. या सगळ्या काळात हिंदुस्थानातल्या माणसांच्या बाजूने सर्वांत जास्त बोलला तो बर्क. आणि चित्रांत सर्वांत जास्त टिंगल कुणाची झाली? बर्कचीच. तो आयरिश, त्याच्या घरात कॅथलिक नाते, म्हणून त्याला जेझुइट पाद्र्याची टोपी चढवली, नाकावर चष्मा ठेवला, अंगाने काटकुळा केला, आणि हाच बर्क वर्षानुवर्षे चित्रांत फिरत राहिला. मे १७८६ मधल्या गिलरेच्या चित्रात हेस्टिंग्ज उंटावर बसलेला, हिंदुस्थानी पोशाखातला, हातात मानाची ढाल घेतलेला तारणहार आहे. त्याच्यावर तुटून पडणारे बर्क, फॉक्स आणि नॉर्थ हे दरोडेखोर. हेस्टिंग्जच्या सामानात जिंकलेल्या मुलखांची आणि वाढवलेल्या महसुलाची गाठोडी आहेत. चेतसिंग नाही, बेगमा नाहीत. दोनच वर्षांनी, १ मार्च १७८८ रोजी, त्याच गिलरेने रक्ताचा समुद्र काढला: लॉर्ड चॅन्सेलर थर्लोच्या खांद्यावर बसून हेस्टिंग्ज रक्तातून पलीकडे चालला आहे आणि आजूबाजूला हिंदी माणसांची प्रेते तरंगत आहेत. एकच हात, दोन टोके. त्याला कीव आली होती की नुसते गिऱ्हाईक बदलले होते? मला दुसरे कारणच खरे वाटते. तरीही हे दुसरे चित्र भयानक चांगले आहे. चांगले चित्र चांगल्या हेतूनेच निघते असा काही नियम नाही.

या चित्रांतला हिंदी माणूस हा बहुतेक वेळा पोशाख आहे. पगडी, हत्ती, उंट, रुपयांच्या थैल्या. ‘काउंट रुपी’ या १७९७ च्या चित्रात पॉल बेनफील्ड हा मद्रासेत सावकारी करून गबर झालेला इंग्रज हाइड पार्कात घोडा फेकतो आहे आणि गिलरेने त्याचा चेहराच काळा केला आहे. पैसा तिकडून आला, म्हणून रंगही तिकडचा. ज्यांच्याकडून पैसा गेला ती माणसे चित्राच्या चौकटीबाहेर आहेत. मी निवडलेल्या चित्रांत नाना फडणीस एकदाही येत नाहीत, महादजी शिंदेही नाहीत. आपण इंग्रजांना घाबरवले, पण त्यांच्या दुकानाच्या खिडकीपर्यंत आपण पोचलो नाही.

टिपू मात्र पोचला. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी जाऊन, पाऊस आणि उपासमारीने हैराण होऊन, वेढ्याच्या तोफा स्वतःच फोडून मागे फिरला. ही बातमी लंडनला पोचायला शरद ऋतू उजाडला आणि डिसेंबरात गिलरेचे चित्र लागले: ‘मान्सूनचे आगमन, अथवा श्रीरंगपट्टणहून माघार’. तटावर टिपू उभा आहे आणि खाली गाढवावरून पळणाऱ्या कॉर्नवॉलिसवर तो लघवीची धार सोडतो आहे. तोच मान्सून. शत्रूच्या हातून आपल्या सेनापतीची अशी शोभा करणारे चित्र राजधानीत उघड विकले गेले, आणि तेही लढाई चालू असताना. त्या माघारीत इंग्रजांना वाचवले ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांनी. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्यापासून बनात, काश्मिरी शाली, चाकू, जडजवाहीर सगळे मिळत होते, आणि भुकेल्या इंग्रजांना ते चढ्या भावाने विकले गेले, असे इंग्रज लेखकांनीच लिहिले आहे. गिलरेला याची खबर असती तर त्या बाजारावर एक चित्र नक्की झाले असते, आणि त्यात आपली फारशी इज्जत राहिली नसती.

त्याच १७९१ च्या ऑगस्टअखेर पुण्यात घाशीराम कोतवालाचा लोकांनी दगडांनी जीव घेतला. कैदेत कोंडलेली माणसे गुदमरून मेली होती आणि कोतवाल नानांचा माणूस होता. लंडनमध्ये असे काही घडते तर आठवडाभरात दहा चित्रे लागली असती. पुण्यात एकही लागले नाही. का नाही, हा प्रश्न मला या पुस्तकाच्या कामात सगळ्यात जास्त छळत राहिला, आणि त्याचे उत्तर ‘आपल्याकडे विनोदबुद्धी नव्हती’ असे नक्कीच नाही. अनंत फंदी खर्ड्याचा पोवाडा रचत होता आणि फटकेही लिहीत होता. राम जोशी होता. तमाशात पाटील-कुळकर्ण्यांची चामडी सोलली जात होती. जीभ होती आणि धार होती.

हातही होता. रेसिडेंट चार्ल्स मॅलेटने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा काढवली, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात सवाई माधवराव आणि नाना यांची चित्रे काढत होता, आणि गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार मॅलेटसाठी वेरूळची लेणी, पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा, कसरत करणारे पहिलवान कागदावर उतरवत होता. त्याच्या पहिलवानांकडे पाहा: शरीराच्या पिळाकडे असे बारकाईने बघणारा माणूस कोतवालाच्या पोटाची चेष्टा सहज करू शकला असता. तांबेही होते आणि त्यावर कोरणारेही होते. नानांच्या सांगण्यावरून पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरण्याचे काम सुरू झाले आणि पुढे मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ती छापली गेली, अ. का. प्रियोळकरांनी ही हकिकत उजेडात आणली. म्हणजे ज्या साली गिलरेने पिट आणि नेपोलियन यांना जेवणाच्या टेबलावर पृथ्वीचा गोळा कापून वाटून घेताना काढले, त्याच साली मिरजेत तांब्यावरून गीता उतरत होती. पत्रा तोच, शाई तीच.

नव्हते ते दुकान. अनोळखी माणसाने सहा पेन्स टाकून चेष्टा विकत न्यावी आणि दुकानदाराचे त्यावर पोट भरावे, ही व्यवस्था नव्हती. आपल्या कलावंताचे पोट आश्रयदात्याच्या हातात, आणि ज्याच्या घरचे खायचे त्याच्यावर दुसऱ्याच्या घरी जाऊन विनोद करायचा तर दुसरे घर लागते. लंडनमध्ये ते दुसरे घर म्हणजे विरोधी पक्ष होता: फॉक्सवरचे चित्र पिटच्या गोटात खपे, पिटवरचे फॉक्सच्या. पुण्यातही गट होतेच, सखारामबापू, मोरोबा, नाना, पण हरलेला गट किल्ल्यावर कैदेत जाई. कैदेत बसलेला माणूस चित्रे विकत घेत नाही. नाना फडणिसांची चेष्टा रंगमंचावर यायला डिसेंबर १९७२ उजाडावा लागला, तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये, आणि तेव्हाही प्रयोग काही काळ थांबले.

दुकान होते म्हणून चित्रकार स्वतंत्र होता, असे मात्र कुणी समजू नये. जानेवारी १७९६ मध्ये गिलरेला धर्मनिंदेच्या आरोपाखाली पकडले. खटला पुढे गेला नाही. पुढच्याच वर्षापासून पिटच्या सरकारकडून त्याला सालीना दोनशे पौंड तनखा सुरू झाला आणि त्याच्या चित्रांतला फॉक्स आणखी केसाळ आणि आणखी रक्तपिपासू होत गेला. विल्यम होलंड या दुकानदाराने टॉमस पेनचे साहित्य विकले म्हणून १७९३ मध्ये तुरुंग भोगला. जॉर्ज क्रुकशँकने १८२० मध्ये नव्या राजाचे अश्लील प्रसंगी चित्र काढणार नाही असे लिहून देऊन राजवाड्याकडून शंभर पौंड घेतले. पावती शिल्लक आहे. आमच्याकडे शाल-श्रीफळावर भागते, एवढाच फरक.

मराठीत हे सगळे आले ते लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाच्या वाटेने, आणि तोवर तिथे गिलरेचा रांगडेपणा जाऊन सभ्यता आली होती. मुंबईत १८५४ मध्ये ‘पारशी पंच’ निघाला, पुढे ठाण्याला मराठी ‘हिंदुपंच’. त्या ‘हिंदुपंच’वर १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बदनामीची फिर्याद केली, त्यावरून तो किती टोचत होता हे कळावे. शं. वा. किर्लोस्करांनी स्वतःच्या मासिकात रेषा चालवली, १३ ऑगस्ट १९६० ला ‘मार्मिक’ निघाले आणि एका व्यंगचित्र-साप्ताहिकातून राजकीय पक्ष उभा राहिला, जे लंडनच्या कुठल्या दुकानालाही जमले नव्हते. हा इतिहास बराच लिहिला गेला आहे, मी तो पुन्हा सांगत नाही. वसंत सरवट्यांनी मराठी वाचकाला व्यंगचित्र वाचायला शिकवले, आणि आमच्या शेजारच्या नांदेडचे कथाकार मधुकर धर्मापुरीकर यांनी व्यंगचित्रे जमवून, त्यांवर लिहून ती आवड मराठवाड्यात रुजवली. या दोघांचे लेखन वाचलेल्याला इथली चित्रे सुरुवातीला गोंधळाची वाटतील.

कारण आपल्याला आर. के. लक्ष्मण यांची सवय आहे: एक प्रसंग, एक ओळ, कोपऱ्यात चौकड्यांच्या कोटातला माणूस. गिलरेच्या चित्रात मात्र कागदाचा रिकामा तुकडा सापडत नाही. प्रत्येकाच्या तोंडातून धुरासारखा मजकूर निघतो, जमिनीवर कागद पडलेले असतात, त्या कागदांवरही विनोद असतो. काही खुणा ध्यानात ठेवल्या की पुष्कळ सोपे जाते. काळ्या जाड भुवयांचा, दाढीचे खुंट वाढलेला लठ्ठ माणूस म्हणजे फॉक्स, कधी कधी त्याला कोल्ह्याची शेपटी असते. काठीसारखा सरळ, नाक वर केलेला पोरगेलासा म्हणजे पिट. चष्मा आणि टोकदार नाक दिसले की बर्क. मोठा बूट एकटाच पडलेला दिसला तर तो १७६० च्या दशकातला लॉर्ड ब्यूट. राजा शेतकऱ्याच्या वेशात, कंजूष, अंडे उकडून खाणारा. एकदा ही मंडळी ओळखीची झाली की मग त्यांच्याविषयी थोडी माया वाटू लागते, याबद्दल आधीच सावध करतो.

चित्रांची निवड करताना टिपूचे ते चित्र घ्यावे की नाही यावर बरीच चर्चा झाली. पुस्तक शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जावे अशी इच्छा होती, आणि त्यात लघवीची धार. शेवटी ते घेतले, आणि पूर्ण पानभर घेतले. काही चित्रे मात्र गाळली. तिथे शिसारीपलीकडे काही हाती लागत नव्हते. चित्रातला इंग्रजी मजकूर तसाच ठेवला आहे आणि त्याचा मराठी अर्थ समोरच्या पानावर दिला आहे. गिलरेच्या शिव्या मराठीत आणताना मी आमच्या भागातल्या शिव्यांची मदत घेतली. त्या पुण्याच्या वाचकाला कळल्या नाहीत तर त्याने शेजारच्या लातूरकराला विचाराव्यात.

क्रम काळाचा नाही. हिऱ्याची चित्रे पहिली, मग फॉक्सचे विधेयक, हेस्टिंग्जचा खटला आणि कॉर्नवॉलिसची माघार. होगार्थची निवडणुकीवरची चार चित्रे खरे तर सगळ्यांत जुनी, १७५४ च्या ऑक्सफर्डशायरच्या निवडणुकीवरून सुचलेली, पण ती सगळ्यांत शेवटी घातली आहेत. पहिल्यात उमेदवाराच्या खर्चाने खाणावळीत जेवणावळ चालली आहे, जास्त कालवे खाऊन नगराध्यक्ष आडवा झाला आहे आणि खिडकीतून आलेली वीट कार्यकर्त्याच्या डोक्यात बसली आहे. दुसऱ्यात एक शेतकरी मधोमध उभा आहे आणि दोन्ही पक्षांची माणसे दोन्ही बाजूंनी त्याच्या हातात काहीतरी सरकवत आहेत. तिसऱ्यात मरायला टेकलेल्या माणसाला उचलून मताला आणले आहे. लढाईत हात गेलेला सैनिक हाताच्या जागचा लोखंडी आकडा बायबलवर ठेवून शपथ घेतो आहे आणि आकड्याला हात म्हणता येईल का यावर वकिलांची हुज्जत जुंपली आहे. चौथ्यात निवडून आलेला उमेदवार खुर्चीसकट खांद्यांवर, खाली मारामारी, मधून डुकरे पळत आहेत, आणि खुर्ची कलली आहे. बाकीच्या सगळ्या चित्रांना लांबलचक टिपा आहेत. या चारांना एकही दिलेली नाही. उदगीर, अहमदपूर, देगलूर, मुखेड इकडे कुठेही ती लागणार नाही.